सहकाऱ्याने सुचवलेला जोडधंदा: होकार देण्याआधी काय काय तपासावे

कोकणात निव्वळ पगारावर घर चालवणारा माणूस शोधावा लागतो. लोटे-परशुरामच्या कंपनीत शिफ्ट करणारा एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या विकतो. एसटीतल्या वाहकाच्या घरी काजूची बाग असते. मालवण-तारकर्लीकडे निम्म्या घरांत एखादी खोली पर्यटकांसाठी रंगवून ठेवलेली असते. त्यामुळे डबा खाताना शेजारचा म्हणाला, "जोडीला काहीतरी करूया का?", तर त्यात वावगे काहीच नाही. अडचण अशी की फसवा प्रस्तावही याच शब्दांत येतो, आणि तो घेऊन येतो तो आपल्याबरोबर दहा वर्षे काम केलेला माणूस.

तो माणूस बहुतेक वेळा लबाड नसतो, हे आधी पक्के लक्षात घ्या. दोन महिन्यांपूर्वी त्याला कोणीतरी असेच सांगितलेले असते. त्याने पैसे भरलेले असतात, एक-दोन हप्ते हातात आलेले असतात आणि त्याचा खरोखर विश्वास बसलेला असतो. किंवा पैसे अडकलेले असतात आणि दोन माणसे खाली लावल्याशिवाय ते सुटणार नाहीत, असे वरच्याने त्याला सांगितलेले असते. "मी काय तुका फसवतलंय?" असे तो विचारतो तेव्हा तो खरे बोलत असतो. म्हणून माणूस चांगला आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि काम चांगले आहे का, एवढेच पाहायचे. ही फारकत जमली की पुढचे सगळे सोपे जाते.

आधी कामाचे नाव विचारा

"नेमके काय करायचे?" याचे उत्तर एका वाक्यात मिळायला हवे. "मामांची बाग देवगडला आहे, पेटीमागे ठरावीक पैसे सुटतात, तुझ्या ठाण्याच्या भावाच्या सोसायटीत गिऱ्हाईक बघ." हे काम आहे. वस्तू दिसते, गिऱ्हाईक दिसते आणि नफा कुठे होतो तेही कळते. आता दुसरे ऐका. "ते फोनवर सांगता येत नाही. रविवारी हॉटेलात सेमिनार आहे, तू फक्त ये, सर प्लॅन दाखवतील." काम लपवून माणूस आधी बोलवावा लागतो, म्हणजे काम उघड सांगितले तर कोणी येणार नाही हे बोलावणाऱ्यालाही ठाऊक असते. अशा बैठकीला "बघून तर येऊ" म्हणून जाण्यात मला शहाणपण वाटत नाही. तिथली खोली, टाळ्या, गाडीच्या चाव्या मिळालेल्यांची भाषणे, हे सगळे तुमच्याकडून त्याच दिवशी पैसे काढण्यासाठी बसवलेले असते. ओळखीच्या चार माणसांसमोर नाही म्हणणे जड जाते.

उत्तर त्या दिवशी कधीच देऊ नका. "दोन दिवसांत सांगतो" म्हणा आणि समोरचा काय करतो ते पाहा. आंबेवाला म्हणेल, "सांग, पण पुढच्या आठवड्यात तोड आहे." फसव्या योजनेतला म्हणेल, "आजच शेवटची तारीख, दोनच सीट उरल्यात, तुझ्यासाठी धरून ठेवल्यात." ही घाई पुरेशी खूण आहे.

प्रस्ताव कधी आला, तेही बघा. पगार झाल्याच्या आठवड्यात, गणपतीआधी बोनस मिळाल्यावर, आणि जून-जुलैमध्ये मासेमारीवर बंदी असताना खलाशांचे हात रिकामे असतात तेव्हा हे प्रस्ताव दाट येतात. जिथे पैसा नुकताच आलेला असतो किंवा जिथे त्याची नड असते, तिथेच हे लोक पोचतात.

पैसा नेमका कोणाच्या खिशातून येतो?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. इथे वेळ घ्या, कागद-पेन घ्या आणि सहकाऱ्याला समोर बसवून लिहायला लावा. कोणत्याही प्रामाणिक धंद्यात पैसा गिऱ्हाइकाकडून येतो. त्याला वस्तू किंवा सेवा हवी असते आणि योजनेत सामील न होताही तो ती घेतो. "तुला किती मिळतात?" याचे उत्तर "किती माणसे लावली त्यावर आहे" असे आले, तर पैसा नव्या माणसाच्या खिशातून येतो आहे. साबण, पावडर, आरोग्याची गोळी, ऑनलाइन कोर्स हे फक्त झाकण. ओळखायची सोपी युक्ती: ही वस्तू योजनेबाहेरचा कोणी त्याच किमतीला विकत घेईल का? वेंगुर्ल्याच्या बाजारात मांडली तर खपेल का?

"प्रत्येकाने फक्त सहा जण लावायचे" हे ऐकायला किरकोळ वाटते. मांडून बघा. सहा, मग ३६, मग २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६. आठव्या पायरीला १६,७९,६१६ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. तान्ही बाळे धरूनही आठवी पायरी जिल्ह्यात भरत नाही. शेवटच्या पायरीवरच्यांचे पैसे जाणार हे गणितातच ठरलेले असते, आणि सगळ्यात जास्त माणसे नेहमी शेवटच्याच पायरीवर असतात.

यासाठी कायदा जुना आहे. १९७८ च्या प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बंदी) कायद्याखाली असा पैसा फिरवण्याची योजना चालवणे गुन्हा आहेच, शिवाय तिच्यात दुसऱ्याला सभासद करून घेणे हाही गुन्हा आहे. "मी फक्त दोन आयडी लावल्या", म्हणजे आपल्याखाली दोन सभासद केले, हा बचाव नव्हे, ती कबुली ठरते. थेट विक्रीच्या कंपन्यांसाठी २०२१ पासून ग्राहक संरक्षण कायद्याखाली वेगळे नियम आहेत. कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय भारतात हवे, विक्रेत्याशी लेखी करार हवा आणि पिरॅमिड योजना, म्हणजे माणसांखाली माणसे लावत जाण्याची योजना, चालवायला पूर्ण मनाई आहे. सहकाऱ्याला सांगा, "तुझा लेखी करार दाखव." बहुतेकांकडे व्हॉट्सॲपवरचे एक रंगीत पोस्टर तेवढे निघते.

दुसरा प्रकार ठरावीक परताव्याचा. "पन्नास हजार ठेव, महिन्याला चार हजार येतील." हे महिन्याला आठ टक्के झाले, म्हणजे वर्षाला ९६ टक्के. बँकेची मुदत ठेव सहा-सात टक्क्यांच्या आसपास देते. आता पुढचे बघा. सहा महिन्यांत तुमच्या हातात २४,००० रुपये आले. ते कुठून आले? ते तुमच्याच पन्नास हजारांतून परत दिलेले असू शकतात, आणि तरीही २६,००० त्यांच्याकडे उरतात. "मला दर महिन्याला मिळतायत ना!" हे सहकाऱ्याचे वाक्य म्हणूनच पुरावा होत नाही. त्याला एवढेच विचारा, "तू मुद्दल काढून घेतलेस का? बँकेच्या पासबुकात दाखव." ॲपमधल्या आकड्याला काही अर्थ नाही, तो आकडा ॲप बनवणाऱ्याने टाकलेला असतो.

जवळची उदाहरणे आहेतच. घाटावर इस्लामपूरमधून चाललेला कडकनाथ कोंबड्यांचा व्यवहार २०१९ साली कोसळला. पक्षी आम्ही देतो, अंडी आम्हीच चढ्या भावाने घेतो, असे शेतकऱ्यांना सांगितले होते. अंडी घेणारे दुसरे कोणी नव्हतेच. जानेवारी २०२५ मध्ये परतावा थांबल्यावर दादरच्या टोरेस ज्वेलरीसमोर गुंतवणूकदारांची गर्दी जमली. दर आठवड्याला परतावा आणि नवा माणूस आणल्यास वरकड बक्षीस, असा तो मामला होता. दादरला पैसे भरणाऱ्या माणसाचे गाव कोकणात असले तर तो परतावा मिळाल्याची बातमी गणपतीला गावाकडे घेऊन येतो, हेही विसरता येत नाही.

पगार देणारा आधी पैसे मागतो का?

नोंदणी फी, ट्रेनिंग फी, किट, "परत मिळणारे" डिपॉझिट. कामाला ठेवणारा आधी तुमच्याकडून पैसे घेत असेल तर तुम्हीच त्याचे गिऱ्हाईक आहात. यावर जास्त लिहायची गरज नाही. दोन प्रकार मात्र वेगळे सांगायला हवेत, कारण त्यांत पैसे आधी मागत नाहीत.

एक, हॉटेलांना रेटिंग द्यायचे, व्हिडिओ लाइक करायचे असले 'टास्क'. सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खरेच खात्यात येतात. सहकाऱ्यालाही आलेले असतात, म्हणूनच तो उत्साहाने टेलिग्रामची लिंक पाठवतो. मग 'प्रीपेड टास्क' येतो. हजार भरा, तेराशे मिळवा. ते मिळतातही. पुढे रक्कम वाढते आणि पैसे काढायला गेले की कर, दंड, खाते सुरू करण्याचे शुल्क निघते. पहिला रुपया भरायला सांगितला तिथेच थांबायचे. आधी मिळालेले पैसे गळ होते.

दोन, घरबसल्या डेटा एन्ट्री. करारावर ऑनलाइन सही घेतात, अशक्य अचूकता मागतात आणि आठ दिवसांनी वकिलाच्या नावाने नोटीस येते, "करारभंग झाला, पैसे भरा नाहीतर कोर्टात या." या नोटिशीला घाबरून पैसे देऊ नका. कोर्टाचे समन्स व्हॉट्सॲपवरून पैसे मागत येत नाही. हातातली नोटीस ओळखीच्या वकिलाला दाखवा.

श्रमांऐवजी तुमचे नाव हवे आहे का?

हा प्रकार मला सगळ्यात घातक वाटतो, कारण यात तुमचा एक रुपयाही जात नाही, म्हणून कोणालाच तो फसवणूक वाटत नाही. "तुझ्या खात्यात पैसे येतील, दोन टक्के ठेव, बाकीचे सांगतो त्या नंबरवर पाठव." किंवा, "नवे खाते उघड, एटीएम कार्ड, पासबुक आणि सिम माझ्याकडे दे, महिन्याला पाच हजार घरी येतील." कारण कायम गुळगुळीत असते. साहेबांना टॅक्स वाचवायचाय, गेमिंग कंपनीचा पैसा आहे, व्यापाऱ्याची मर्यादा संपली आहे.

प्रत्यक्षात तो पैसा दूर कुठेतरी फसवल्या गेलेल्या माणसाचा असतो. तो तक्रार करतो, पोलीस आणि बँका पैशाचा माग काढत एकेक खाते गोठवत येतात आणि त्या साखळीत तुमचे नाव सापडते. पगार त्याच खात्यात येत असेल तर पगारही अडकतो, घराचा हप्ता परत जातो. चौकशीची नोटीस परराज्यातल्या पोलीस ठाण्याची असते, आणि कुडाळहून तिकडे जाऊन उत्तर देणे म्हणजे रजा, खर्च, वकील. भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीत साथ दिल्याचा आणि मनी लाँडरिंगच्या, म्हणजे गुन्ह्याचा पैसा फिरवून पांढरा करण्याच्या, २००२ च्या कायद्याखालचा प्रश्न वेगळाच. "मला माहीत नव्हते" म्हणता येते, पण दोन टक्के घेतलेले असले की ते म्हणणे फार कमजोर पडते.

याच रांगेत आणखी काही मागण्या येतात. तुमच्या आधार-पॅनवर शॉप ॲक्ट किंवा जीएसटी नोंदणी काढणे, 'नावापुरते' भागीदार करणे, तुमच्या नावावर सिम घेणे, कर्जाला जामीन राहणे. नियम एकच ठेवा: खाते, सिम, सही आणि ओटीपी भाड्याने देण्याच्या वस्तू नव्हेत, सख्ख्या भावाला सुद्धा. आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसते. आज रात्रीच बघून घ्या.

'फक्त ही पिशवी पोचव'

आपल्या किनाऱ्याला लागून येणारे हे काम आहे, त्यामुळे ते इथल्याच शब्दांत सांगतो. गोव्याहून येणाऱ्या गाडीत चार खोके ठेवायचे, खेपेला रोख पैसे. गोवा बनावटीची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणे मुंबई-गोवा महामार्गावर पकडले जाते. राज्य उत्पादन शुल्क विभाग गाडीही जप्त करतो, आणि गाडी बहुधा चालकाच्या नावावर कर्जाने घेतलेली असते.

'देवमाशाची उलटी' विकून द्यायची, गिऱ्हाईक तयार आहे, तू फक्त सोबत चल. ही उलटी म्हणजे अंबरग्रीस असो की खवले मांजराचे खवले, ते ज्यांच्यापासून मिळतात ते प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दोषी ठरल्यास किमान तीन वर्षांची कैद आहे. तुकडा समुद्रावर आपोआप सापडला असला तरी तो विकायचा नसतो, वनखात्याला कळवायचा असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटे वाहून आली होती. असे पाकीट दिसले तर हात न लावता पोलिसांना फोन करायचा. ते कोणाला "नेऊन द्यायचे" काम सांगणारा सहकारी तुम्हाला तुरुंगाच्या वाटेला लावतो आहे.

आणि एक साधे वाटणारे काम: हंगामात रात्री पेट्या भरायच्या, आंबा परराज्यातला, पेटीवर नाव देवगडचे किंवा रत्नागिरीचे. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे आणि ते कोकणातल्या पाच जिल्ह्यांचे आहे. यात आपल्याच बागायतदाराच्या पोटावर पाय येतो. मजुरी कितीही मिळो, हे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

परदेश आणि जहाज

रत्नागिरी-रायगडातून आखातात जाणारे पुष्कळ, त्यामुळे "माझ्या मेहुण्याचा एजंट आहे" हे कंपनीतही ऐकू येते. एजंटाचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढेच घेता येते. टुरिस्ट व्हिसावर नोकरी म्हणजे नाही म्हणायचे. थायलंडमार्गे म्यानमार किंवा कंबोडियात 'डेटा एन्ट्री'ला नेलेल्या भारतीय मुलांना तिथे कोंडून ऑनलाइन फसवणुकीचे काम करायला लावले गेले आहे.

जहाजावरच्या नोकरीसाठी भरती कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो. ती यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर आहे. खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घ्यायला या कंपन्यांना परवानगी नाही. सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदणी पुस्तक, काढून देतो म्हणून लाखांत पैसे मागणारा, मग तो कितीही जवळचा असो, तिथेच थांबवा.

एका संध्याकाळची तपासणी

योजनेचे पूर्ण नाव, कंपनीचा पत्ता आणि पैसे कोणाच्या खात्यात जाणार ते लिहून घ्या. कंपनीचे नाव कॉर्पोरेट मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधा. मात्र नोंदणी असली म्हणजे ठेवी घेण्याची परवानगी आहे असे होत नाही, इथे फार लोक फसतात. ठेव घेण्याचा अधिकार कोणाला आहे ते रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर पाहता येते आणि तिथेच तक्रारही करता येते. शेअर बाजाराचा सल्ला देणारा असेल तर सेबीकडे त्याची नोंदणी आहे का पाहा. विम्याचे काम असेल तर परीक्षा आणि परवाना लागतोच, "माझ्या कोडवर तू विक" हे चालत नाही. कंपनीच्या नावाने व्यवहार आणि पैसे मात्र कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले, तर पुढची तपासणी करायचीही गरज नाही.

मग घरी बोला. नवरा, बायको, आई, मोठा भाऊ, कोणीही. "घरी सांगू नकोस, सरप्राइज दे" असे सुचवणाऱ्यावर अजिबात भरवसा नको.

स्वतःच्या नोकरीचे नियमही बघून घ्या. सरकारी कर्मचाऱ्याला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय धंदा किंवा दुसरी नोकरी करता येत नाही, आणि बायकोच्या नावावरच्या एजन्सीसाठी गिऱ्हाईक गोळा करणेही वर्तणूक नियमांत बसत नाही. खासगी कंपनीत नेमणूकपत्र वाचा.

नाही म्हणायचे कसे

बरोबरीच्या माणसाला कारणे देऊ नका. प्रत्येक कारणावर त्याला सेमिनारमध्ये उत्तर शिकवलेले असते. पैसे नाहीत म्हटले तर हप्ते, वेळ नाही म्हटले तर फोनवरून. "मी माणसे जोडण्याच्या कामात पडत नाही, आपली दोस्ती आहे तशी राहू दे." एवढे पुरते. पुन्हा विचारले तर पुन्हा तेच वाक्य, शब्दही न बदलता.

सुपरवायझर किंवा साहेबाने सुचवले तर भीती असते, ड्यूटी लावताना राग निघेल. तिथे निर्णय घरावर ढकलायला काही हरकत नाही. "साहेब, घरी वडील अशा व्यवहाराला परवानगी देत नाहीत." त्यानंतरही दबाव आला, रजा अडकली, तर तारीख आणि बोलणे वहीत लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा आणि एचआरकडे किंवा युनियनकडे लेखी द्या. हाताखालच्या माणसांना योजनेत ओढणे हा कंपनीच्या दृष्टीनेही गंभीर प्रकार आहे.

आधीच अडकला असाल तर

अडकलेले सोडवण्यासाठी आणखी भरू नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे वाटेतल्या खात्यात थांबवता येण्याची शक्यता सर्वात जास्त असते. खाते भाड्याने दिले असेल तर पोलीस येण्याची वाट न पाहता बँकेत लेखी अर्ज देऊन ते बंद करा आणि वकिलाला गाठा.

ठेवी अडकल्या असतील तर महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा, कायदा आहे. त्याखाली योजना चालवणाऱ्यांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे परत देण्याची तरतूद आहे. रक्कम मोठी असेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. मेसेज, पावत्या, बँक स्टेटमेंट, बैठकीचे फोटो, काहीही पुसू नका. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळे स्क्रीनशॉट घ्या.

ज्याने तुम्हाला आणले तो सहकारीही बुडालेला असेल तर त्याच्याशी भांडत बसण्याऐवजी त्याला तक्रारदार करा. वरच्याचे नाव, नंबर, पैसे भरल्याचे खाते हे तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असते. तुम्ही स्वतः कोणाला आणले असेल तर त्यांना आजच फोन करून पुढचा हप्ता थांबवायला सांगा. हा फोन जड जातो, पण तो उशिरा केला की त्यांचा आणखी एक पगार जातो.

आणि काही महिन्यांनी कोणीतरी फोन करील, "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा." तुमचा नंबर त्याच यादीतून त्याच्याकडे गेलेला असतो. त्याला पैसे देऊ नका. तो नंबर लिहून घ्या आणि आधीच्या तक्रारीला जोडून द्या.